बरणीएवढे स्पीकर आणि सासूबाईंची मान

मी हरलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या चाचाक गावात सध्या वेगळंच बोललं जातंय. बेकरीच्या रांगेत, बसस्टॉपवर, आणि नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागातसुद्धा (तिथे मी एकवीस वर्षं कारकून आहे, जन्म माझ्याकडे, मृत्यू शेजारच्या टेबलावर). ही अफवा माझ्या मेहुण्याने पसरवली आहे. तो लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो, तेव्हा त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

सुरुवात अगदी साध्या निर्णयाने झाली. टेबलावर ठेवायला दोन छोटे स्पीकर घ्यायचे, असं मी ठरवलं.

त्यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याच्या घरात सासूबाई नाहीत त्याला असं म्हणणं परवडतं. माझ्याकडेही एके काळी स्पीकर होते. कपाटाएवढे होते! लग्नाआधीचे. मग लग्न झालं, बायकोने, म्हणजे बिसेर्काने, त्यांच्यावर झाडांच्या कुंड्या ठेवल्या. चार वर्षांपूर्वी तिची आई, स्तामेंकाबाई, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आल्या. पित्ताशय गेलं, सासूबाई राहिल्या. त्यांचा दिवाण बैठकीच्या खोलीत आला आणि माझे स्पीकर तळघरात गेले.

मला उरलं एक टेबल. खोलीच्या बरोबर मधोमध, कारण भिंती सगळ्या बाकीच्या सामानाला वाटल्या गेल्या होत्या. टेबलाच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे सासूबाईंचा दिवाण, त्यांचं डोकं माझ्याकडे आणि पाय टीव्हीकडे. त्या सव्वा मीटर लाकडावर माझं राज्य होतं. ऑफिसात साहेबाचं ऐकायचं, घरात बायकोचं ऐकायचं, निदान या टेबलाशी बसून आपल्याला हवं ते ऐकावं, एवढीच माझी मागणी होती. जास्त होती का?

"घे बाबा," बिसेर्का म्हणाली. "पण आयवारच्या बरणीपेक्षा मोठं काही आणलंस तर तेही तळघरात जाईल. आणि त्याच्यामागोमाग तूही."

आयवार म्हणजे लाल मिरच्या भाजून, सोलून, तासन्‌तास घोटून केलेलं आमचं तोंडीलावणं. दर शरद ऋतूत आमच्या घरात त्याच्या चाळीस बरण्या भरतात. मी त्यातली एक भरलेली घेतली, पिशवीत घातली आणि गाव्रिलोच्या दुकानात गेलो.

गाव्रिलो हा गावातला जुना रेडिओ-दुरुस्तीवाला, आता स्पीकरही विकतो. मी प्रत्येक स्पीकरशेजारी बरणी ठेवून बघायला लागलो. हा उंच. हा रुंद. हा बरणीएवढा, पण आवाज असा की कुणीतरी उशीखालून बोलतंय. चार दिवस मी रोज ऑफिस सुटल्यावर जात होतो. तिसऱ्या दिवशी एका बाईने मला विचारलं, "तिखट आहे की गोडं? आणि बरणी केवढ्याला?"

"विकायला नाही आणलेली!" मी म्हणालो.

"मग फिरवता कशाला?" असं म्हणून ती रागावून निघून गेली.

चौथ्या दिवशी गाव्रिलोने आतून एक जोडी आणली. काळी, दणकट, बरणीपेक्षा बोटभर बुटकीच. पाठीमागे प्रत्येकाला एक गोल भोक. त्याने कळ दाबली मात्र, दुकानातल्या काचा थरारल्या. माझ्या छातीत कुणीतरी मूठ मारली असं वाटलं. (आनंदाने. छातीची तक्रार मला नाही.)

"बघितलंस?" गाव्रिलो म्हणाला. "मूर्ती लहान, पण कीर्ती महान."

मी बरणी त्याच्या काउंटरवरच विसरून घरी आलो.

पहिल्या दिवशी घरात काय झालं ते बिसेर्का आता कबूल करत नाही, पण मी पाहिलंय. स्वयंपाकघरात तिचा पाय ताल धरत होता. सासूबाईसुद्धा शब्दकोडं खाली ठेवून म्हणाल्या, "इवल्याशा डब्यांतून येतंय हे सगळं?" मी आवाज आणखी वाढवला. आयुष्यात फार थोड्या वेळा माणसाला आपण बरोबर होतो असं दिसतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात मेहुणा टपकला. तिहोमिर. तो अर्धं डुक्कर घेणार होता, आपल्या आईसाठी आणि आमच्यासाठी मिळून. नोव्हेंबर आला की आमच्याकडे हे होतंच. पण अर्धं डुक्कर म्हणजे मोठा आडवा फ्रीझर हवा, आणि फ्रीझर ठेवायला जागा हवी.

तिहोमिरने खोलीभर नजर फिरवली. ती माझ्या टेबलावर थांबली.

"दाजी, हे टेबल बरोब्बर फ्रीझरच्या मापाचं आहे हो."

"टेबल हे टेबलाच्या मापाचं आहे," मी म्हणालो. "इथे मी संगीत ऐकतो."

"या डबड्यांवर?" तो हसला. "दाजी, मी वीस वर्षं ढोल वाजवतोय. आवाज पोटातून येतो. याला पोट कुठाय?"

"तुझ्यापेक्षा मोठं पोट आहे त्याला!"

बस्स. पेटली. कुणाच्या तोंडून पहिल्यांदा पैज हा शब्द निघाला, ते आठवत नाही. (माझ्याच. आठवतंय.) ठरलं असं: येत्या रविवारी तिहोमिरच्या बँडचं रेकॉर्डिंग लावायचं, मामेभावाच्या लग्नातलं, सात ट्रम्पेट आणि त्याचा ढोल असलेलं. टेबलापासून तीन पावलांवर, बुफेवर, म्हणजे भांड्यांच्या बुटक्या कपाटावर, राकियाचा (आमची फळांची कडक दारू) इवलासा पेला काठोकाठ भरून ठेवायचा. ढोलाने एक थेंब जरी सांडला, तरी टेबल कायमचं माझं. नाही सांडला, तर टेबल तळघरात आणि जागेवर फ्रीझर. बिसेर्का साक्षीदार. सासूबाई म्हणाल्या, "पेल्यात माझी राकिया घालू नका, दुकानातली घाला."

मी तयारीला लागलो. रोज साडेतीनला घरी यायचं, जेवायचं आणि ढोलवाली गाणी मोठ्याने लावायची. पेला पहिल्याच दिवशी सांडला. दुसऱ्या दिवशीही सांडला. मी खूश!

सासूबाई मात्र बेचैन झाल्या. "वेल्या, कुठूनतरी येतंय रे."

"काय येतंय, आई?"

"प्रोमाया!"

हे ऐकताच मीही खुर्चीतून उठलो. प्रोमाया म्हणजे घरात आरपार वाहणारं वारं. परदेशात लोक म्हणे अपघाताने मरतात, हृदय बंद पडून मरतात. आमच्याकडे माणूस प्रोमायाने मरतो. बाकीची कारणं डॉक्टर कागदावर लिहायला लिहितात. दोन खिडक्या समोरासमोर उघड्या राहिल्या तर आमच्या ऑफिसात काम थांबतं. मान धरते, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं जातात. त्यावर चर्चा होत नाही.

"कुठे लागतंय?"

"मानेवर. फुंकर मारल्यासारखं. फू... फू... फू..."

आम्ही सगळ्या खिडक्या तपासल्या. बिसेर्काने दाराखाली टॉवेल कोंबला. मी किल्लीच्या भोकाला चिकटपट्टी लावली. सासूबाईंनी चर्चमधून आणलेली बारीक मेणबत्ती पेटवली आणि ज्योत कुठे हलते ते बघत खोलीभर फिरायला लागल्या.

"आधी तुझं ते ढमढम बंद कर," त्या म्हणाल्या. "मला नीट लक्ष देऊ दे."

मी बंद केलं. ज्योत सरळ उभी राहिली. पंधरा मिनिटं आम्ही तिघं कोपऱ्याकोपऱ्यातून फिरलो. वाऱ्याचं नाव नाही.

"गेलं," सासूबाई म्हणाल्या आणि पडल्या.

मी संगीत लावलं.

"आलं!"

मी बंद केलं. त्या मेणबत्ती घेऊन उठल्या. गेलं! असं तीनदा झालं. शेवटी सासूबाई दिवाणावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लबाड आहे. आपण शोधायला लागलो की लपतं." मला ते पटलं. (शिकलेला माणूस आहे मी, पण पटलं.) दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मानेला लोकरीची शाल गुंडाळली आणि माझ्याकडे असं बघायला लागल्या की वारं मीच घरात घेऊन आलोय.

शुक्रवारी संध्याकाळी मी ब्रेड आणायला गेलो, संगीत चालूच ठेवून. परत आलो तर संगीत बंद, सासूबाईंचा चेहरा शांत. शाल काढलेली. "थांबलं बाई एकदाचं," एवढंच त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, चला, एक कटकट मिटली. शनिवारी मी स्पीकरांना विश्रांती दिली, पैजेसाठी ताजे राहावेत म्हणून.

रविवार उजाडला. तिहोमिर नवा शर्ट घालून आला. सोबत फ्रीझरचं माहितीपत्रक आणि मोजपट्टी. पेला बुफेवर ठेवला, बिसेर्काने तो अलगद काठोकाठ भरला. मी खुर्चीत बसलो, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि कळ दाबली.

ट्रम्पेट आले. बाटलीत गांधीलमाश्या कोंडल्यासारखे आले. मी आवाज वाढवला, गांधीलमाश्या चिडल्या. आणि ढोल? ढोल आलाच नाही.

तिहोमिरने कान पुढे केला. पेल्यातली राकिया आरशासारखी स्थिर.

"मी कुठाय?" तो म्हणाला.

"येशील, थांब."

"दाजी, इथे मी जोरात वाजवतो. इथे नवरी नाचते. मी कुठाय?"

गाणं संपलं. सासूबाईंनी शब्दकोड्यातून मान वर केली. "आज बघा, जरासुद्धा वारं नाही घरात," त्या समाधानाने म्हणाल्या.

तिहोमिरने मोजपट्टी काढून माझ्या टेबलाची लांबी घेतली. त्याचा चेहरा पैज जिंकलेल्या माणसाचा नव्हता. स्वतःच्याच रेकॉर्डिंगमधून हाकललेल्या माणसाचा होता. त्यामुळे त्याने जरा जास्तच जोरात पट्टी मिटली. "शनिवारी फ्रीझर येतोय," तो म्हणाला, आणि जाताना बेकरीच्या रांगेतही सांगून गेला की दाजी हरले.

बिसेर्का माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे रे. तळघरातही ऐकता येईल तुला."

तळघरात! बटाट्यांबरोबर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाने किती सरकायचं? कपाटाएवढ्यावरून बरणीएवढ्यावर आलो, आता बरणीवरून कुठे? मी त्याच क्षणी ठरवलं, हे टेबल हलेल ते माझ्यासकट हलेल.

सोमवारी ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकली (कारण: घरगुती अन्याय) आणि स्पीकर काखेत मारून गाव्रिलोच्या दुकानात शिरलो. आत तीन गिऱ्हाइकं होती. मला तेच हवं होतं.

"गाव्रिलो! फसवलंस मला! ऐक हा आवाज!"

त्याने ऐकला. भुवया चढवल्या. स्पीकर उलटा केला, मागच्या भोकात टॉर्च मारला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भोकात. लांब चिमटा घातला आणि ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय. बाहेर आला एक राखाडी लोकरी मोजा. अंगठ्याला भोक होतं. माझाच होता. दुसऱ्या स्पीकरमधून त्याचा जोडीदार निघाला.

तिन्ही गिऱ्हाइकं जवळ सरकली.

"थंडी वाजते का याला?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"वेलिबोर," गाव्रिलो अगदी हळू म्हणाला, लहान मुलाला समजावतात तसा, "पेटी एवढीशी आहे ना, मग जाड आवाज येतो कुठून? या भोकातून. हवा आत-बाहेर होते. त्याचा श्वास आहे हा. नाकात मोजे कोंबल्यावर तू तरी गाशील का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फू... फू... फू! ढोल वाजला की भोकातून हवा, हवा निघाली की मान!

"माझ्या सासूबाईंनी!" मी ओरडलो. "मंडळी, बघा, हे काम माझ्या सासूबाईंचं आहे! त्यांचं डोकं बरोबर या भोकांसमोर असतं आणि त्यांना वाटतं..."

"थांब," गाव्रिलो म्हणाला. "डोकं कुठे असतं?"

"भोकांसमोर. म्हणजे मानेची बाजू."

गाव्रिलोने हातातला चिमटा खाली ठेवला आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "मानेवर? सरळ मानेवर फुंकर?"

"रोज?" म्हाताऱ्याने विचारलं.

"दोन-दोन तास," मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला कळलं की खटला माझ्या हातून निसटला.

"माझी मावशी अशीच गेली," गिऱ्हाइकांतली एक बाई म्हणाली. "बसची खिडकी. एवढीशी फट होती."

"लाज नाही वाटत?" म्हातारा म्हणाला. "कशीही असली तरी सासू आहे."

मी मोजे खिशात घातले, स्पीकर उचलले आणि मान ताठ ठेवून बाहेर पडलो. मी नमलो नाही. ढोल परत आला होता, बाकी जगाशी मला देणंघेणं नव्हतं.

घरी येऊन दोन्ही मोजे जेवणाच्या टेबलावर पुराव्यासारखे मांडले.

"आई, हे काय आहे?"

"मोजे," सासूबाई म्हणाल्या. "धुवून मग घातले होते मी."

"माझ्या स्पीकरमध्ये?"

"मग काय करू? तू ब्रेड आणायला गेलास, मी मेणबत्ती धरली, तर तुझा तो डबा ज्योत विझवतो! भोकातून फुंकर मारतो! चार दिवस मी देवाला विचारतेय की वारं कुठून येतंय, आणि जावईबापू, वारं तुम्ही दुकानातून विकत आणलंत!"

"अहो, ते वारं नाही, तो आवाज आहे!"

"मला शिकवू नका. आवाज कानाला लागतो. हे मानेला लागत होतं."

"चोरून मोजे कोंबायचे आणि वर... माझं टेबल जाणार होतं, आई! तुमच्या मोज्यांपायी!"

"टेबल जाऊ दे नाहीतर राहू दे. माझी मान एकच आहे."

मी बायकोकडे वळलो. "बिसेर्का, तू बोल. एवढ्याशा भोकातली हवा कुणाचं काय वाकडं करणार आहे?"

बिसेर्काने हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहिली. "ठीक आहे. तू माझ्या डोळ्यांत बघून म्हण, की मानेवर दोन तास वारं लागलं तरी काही होत नाही. म्हण. मी आत्ता तिहोमिरला फोन करून फ्रीझर नको म्हणून सांगते."

एवढंच वाक्य होतं. म्हटलं असतं की संपलं असतं. मी तोंड उघडलं. पण मी काही अधर्मी माणूस नाही. मी देवाबद्दल शंका घेतलेली आहे, सरकारबद्दल रोज घेतो, पण प्रोमायाबद्दल? मला माझे वडील आठवले, जुलैमध्ये कमरेला लोकरी पट्टा बांधून बसलेले. मी तोंड मिटलं.

"ते राहू दे," मी म्हणालो. "पण पैजेत फसवणूक झाली. मला पुन्हा पैज हवी. मोज्यांशिवाय!"

आणि गंमत बघा, माझ्या बाजूने उभा राहिला तो तिहोमिर. त्याला मोज्यांची हकीगत कळली तेव्हा तो धावतच आला. "म्हणजे मी आत होतो! मोज्याच्या मागे होतो!" म्हणाला. सासूबाईंना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं, दार लावलं, दाराखाली टॉवेल. बुफेवर पेला भरला. मी कळ दाबली.

काय सांगू! सात ट्रम्पेट भिंत फोडून आत आले. आणि मग ढोल. धाडकन! पेला शहारला. पुन्हा धाडकन! राकिया काठावरून ओघळली. एक थेंब म्हणाला होतात ना? नवरी नाचायला लागली तेव्हा पेलाही नाचायला लागला, बुफेच्या कडेपर्यंत नाचत गेला आणि खाली पडून फुटला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाय आपटले, तेसुद्धा तालात.

"हा मी!" तिहोमिर ओरडत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ऐका दाजी, हा मी! टेबल तुमचं! कायमचं तुमचं! फ्रीझर मी माझ्या गॅलरीत ठेवतो!"

मी खुर्चीवर चढून उभा राहिलो. होय, चढलो. बेकरीच्या रांगेत हे कुणी सांगत नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. सासूबाई पेल्याचे तुकडे ओलांडून आत आल्या. "टेबल ठेवा," त्या म्हणाल्या. "जिंकलात, मी नाही म्हणत नाही. पण भोकं माझ्याकडे नकोत."

हे रास्त होतं. टेबल भिंतीला लावून भोकं तिकडे वळवावीत तर भिंती वाटलेल्या. आडवी करावीत तर दारातून येणाऱ्याची मान. मग बिसेर्का पुढे झाली, तिने दोन्ही स्पीकर उचलले आणि टेबलावरच उलटे फिरवून ठेवले. तोंडं दिवाणाकडे, भोकं माझ्याकडे. "झालं," ती म्हणाली. "एवढ्यासाठी आठवडाभर भांडत होता."

तर आता असं आहे. टेबल जागेवर आहे. त्याला कुणी हात लावू शकत नाही. रोज साडेतीनला मी माझ्या खुर्चीत बसतो आणि मला हवं ते लावतो. सासूबाई दिवाणावर डोळे मिटून पडतात आणि अधूनमधून म्हणतात, "वेल्या, जरा ढोल वाढव." त्यांच्या मैत्रिणी गुरुवारी मुद्दाम ऐकायला येतात. पहिल्या दिवशी मला गळ्याशी काहीतरी जाणवलं. मी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी कान ठणकला. फू... फू... फू. मी टेबल सोडलं नाही, सोडणारही नाही. फक्त मफलर घेतला. मग कानावर येणारी टोपी घातली. आणि सासूबाईंनीच (मनाने वाईट नाहीत त्या) स्वतःच्या हाताने माझ्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले, घट्ट, राकियात बुडवून.

काल ऑफिसातला मृत्यूंच्या टेबलावरचा सहकारी विचारत होता, त्यालाही छोटे स्पीकर घ्यायचेत, यांचा आवाज कसा आहे म्हणून.

"जबरदस्त आहे," मी ठणकावून सांगितलं. "सासूबाई रोज सांगतात."